परसातली फळं राखायची कशी? वानर, वटवाघळं, उंदीर आणि साळिंदरांचा बंदोबस्त

कोकणातल्या घरामागे साधारण काय असतं? दोन-तीन आंब्याची कलमं, चार माड, एक फणस, पेरू, पपई आणि विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळी. नव्याने परस हाती आलेली मंडळी पहिल्या हंगामात बहुतेक वेळा दोन गोष्टी करतात. झाडावर मासेमारीचं जुनं जाळं टाकतात, आणि वानर आले की फटाके लावतात. जाळ्यात बुलबुल, घुबडं, धामणी अडकून तडफडून मरतात. फटाक्यांची वानरांना चार दिवसांत सवय होते. फळं जायची ती जातातच.

म्हणून सुरुवातीलाच एक ठरवून टाका: अख्खं झाड राखायला जायचं नाही. झाड हाताच्या आवाक्यात ठेवायचं, त्यावर येण्याची वाट तोडायची आणि घरात लागतील तेवढी फळं झाकायची. शेंड्याकडच्या फळांचा नाद सोडायचा. हे मनाला पटलं की पुढची कामं सोपी आहेत आणि खर्चही आवाक्यातला आहे.

आधी कोण येतंय ते ओळखा

उपाय चुकतात ते इथेच. उंदरासाठी लावलेला पत्रा वटवाघळाला अडवत नाही, आणि वटवाघळाची जाळी वानर एका हिसक्यात फाडतो. त्यामुळे आठवडाभर रोज सकाळी झाडाखाली जाऊन पडलेलं फळ हातात घेऊन बघा.

एकेक चावा घेऊन टाकलेली कच्ची फळं, मोडलेल्या डहाळ्या आणि कोवळी पानं खाल्लेली दिसली, तर तो वानर, म्हणजे काळ्या तोंडाचा. लाल तोंडाचं माकड, ज्याला काही गावांत केलडी म्हणतात, कोवळी शहाळी पिरगळून तोडतं आणि केळीचा घड सोलून ठेवतं. दोघेही दिवसा येतात, टोळीने येतात.

रात्रीत गेलेलं फळ आणि झाडाखाली किंवा पडवीच्या भिंतीवर चघळून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या, ही वटवाघळाची खूण. भिंतीवर पातळ विष्ठेचे ओघळही असतात. वटवाघूळ फळ पुष्कळदा दुसऱ्या झाडावर नेऊन खातं, म्हणून आंब्याची बाठ जांभळाखाली सापडली तर गोंधळू नका.

पोपट पेरू देठाला लटकताच ठेवून अर्धा कोरतो. खार लहान दातांच्या खुणांसह गोल भोक पाडते. नारळ देठाजवळ भोक पडून खाली येत असतील तर उंदीर. कुंपणाच्या गडग्यावर किंवा कौलांवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर, म्हणजेच कांडेचोर. बुंध्याची साल जमिनीलगत कुरतडलेली, त्यावर रुंद समांतर दातांचे चरे, जवळपास एखादा काटा: साळिंदर. आणि नांगर फिरवल्यासारखी उकरलेली जमीन, आडवी पडलेली केळ असेल तर रानडुक्कर.

शंका राहिली तर बुंध्याभोवती हातभर रुंदीची माती चाळून भुसभुशीत करून ठेवा. सकाळी पावलं स्पष्ट उठतात.

वाट तोडा

झाडावर चढून येणारा प्राणी तीन वाटांनी येतो: बुंध्यावरून, शेजारच्या झाडावरून, किंवा छपरावरून. विजेच्या आणि टीव्हीच्या तारा ही चौथी वाट, ती लक्षात येत नाही. बुंध्याला पत्रा लावून बाकीच्या तीन उघड्या ठेवल्या तर पत्र्याचे पैसे वाया गेले.

खारीसाठी फांद्यांमध्ये अडीच-तीन मीटर मोकळी जागा लागते. वानर चार मीटरची झेप सहज घेतो आणि वरून खाली तर त्याहून लांब पडतो. छपरावर टेकलेली फांदी आधी कापा. विजेच्या तारेजवळची फांदी मात्र स्वतः तोडू नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. वानर रोज ज्या उंच झाडावरून परसात उतरतात ते झाड शेजाऱ्यांचं असेल, तर बोलून दोन फांद्या उतरवून घ्या. ते झाड मुळासकट तोडायची गरज नसते.

माडाला उंदरांसाठी पत्रा लावायची रीत अशी. सपाट जस्ती पत्रा घ्या, २६ किंवा २८ गेजचा. नालीदार नको, कारण नाळीत नख रुततं. रुंदी ४५ सेंटीमीटर. लांबी म्हणजे खोडाचा घेर अधिक दहा सेंटीमीटर. घेर नव्वद असेल तर मीटरभर पत्रा पुरतो. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर पत्रा खोडाभोवती गुंडाळा, टोकं एकमेकांवर चढवा आणि वर-खाली दोन ठिकाणी जस्ती तारेने आवळा. माडाचं खोड सरळ गोल नसतं, त्यामुळे पत्र्याच्या कडेशी फटी राहतात. त्यात जस्ती तारेच्या जाळीचे तुकडे घट्ट कोंबा, नाहीतर उंदीर पत्र्याच्या आतून वर जातो. बहुतेकांचं काम याच फटीपाशी फसतं.

हाच पत्रा आंब्या-फणसाला लावताना तार कायमची आवळून ठेवू नका. ही झाडं बुंध्यात जाड होतात आणि तार सालीत रुतते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तार सोडून पुन्हा बांधा.

पत्रा लावल्याचं पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, आधी सांगा. पत्र्यावर पाय ठरत नाही आणि कडेने हात कापतो. नारळ पाडायच्या दिवशी पत्र्याच्या वरपर्यंत पोचेल अशी शिडी लावून द्या, किंवा तार सोडून पत्रा काढून ठेवा. वर गेल्यावर वाळलेल्या पोयी (फुलोरे), झावळ्या आणि पिसुंदऱ्या (झावळीच्या बुडाची जाळीदार सालपटं) साफ करून घ्या. उंदीर घरटं करतात ते तिथेच. ही सफाई वर्षातून दोनदा तरी हवी. दोन माडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतल्या असतील तर एका माडाचा पत्रा दुसऱ्या माडाच्या बिनपत्र्याने निकामी होतो, म्हणून अशा जोडीतल्या प्रत्येक माडाला पत्रा लावावा लागतो.

उंदराचं विष परसात वापरू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस मंदावून फिरतो, आणि त्याला घुबड, मुंगूस किंवा घरचं मांजर खातं. उंदीर खाणारेच मेले की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात.

झाड बुटकं ठेवा

पेरू, सीताफळ, लिंबू ही झाडं दोन-सव्वादोन मीटरच्या वर जाऊ देऊ नका. तुमचा हात पोचतो तिथपर्यंतचंच फळ तुमचं. नव्या कलमाचा शेंडा साठ-सत्तर सेंटीमीटरवर खुडा, म्हणजे खालून तीन-चार फांद्या फुटतात आणि झाड पसरट होतं.

जुना उंच आंबा एकदम छाटू नका. फळं उतरल्यावर मधोमध सरळ वर गेलेली एक फांदी काढा, पुढच्या वर्षी दुसरी. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही विरघळल्यावर एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी भांड्यात मोरचूद बिघडतं. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवा.

फळं झाका

घरगुती परसासाठी याहून चांगला उपाय नाही. हंगामात दोन सकाळी दिल्या तर घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढी फळं हाती येतात.

आंब्याला २५ × २० सेंटीमीटरची कागदी पिशवी लागते. वर्तमानपत्राची घरी शिवलेली चालते, तपकिरी कागदाची जास्त टिकते. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं की बांधायची. त्याआधी बांधली तर आपोआप गळणाऱ्या फळांवर पिशव्या वाया जातात. बांधण्यापूर्वी फळाला घासणाऱ्या मोहोराच्या वाळक्या काड्या काढून टाका, नाहीतर वाऱ्याने घासून सालीवर डाग पडतात. पिशवी वर सरकवून देठाभोवती चुणीने गोळा करा आणि सुतळीने बांधा. देठ आवळला जाता कामा नये. फळमाशीही यामुळे दूर राहते, हा वेगळा फायदा.

पण कागद कुणाला अडवतो हे नीट समजून घ्या. पक्ष्यांना आणि फळमाशीला बऱ्यापैकी. खारीला थोडा वेळ. वटवाघूळ वासावर येतं आणि पिकू लागलेल्या फळाचा कागद फाडतं. वानराला कागद म्हणजे काहीच नाही.

वटवाघळांचा त्रास असेल तर कापडाची किंवा बारीक नायलॉन जाळीची पिशवी शिवा. मच्छरदाणीचं जुनं कापड उत्तम. ती फळाहून चांगली ऐसपैस असावी, कारण फळाला चिकटलेल्या जाळीतून वटवाघूळ बाहेरूनच चावतं. पेरू आणि सीताफळासाठी तीस सेंटीमीटर लांबीची पिशवी करून आत तारेची गोल कडी घाला, म्हणजे कापड फळापासून सुटं राहतं.

फणस खोडाला लागतो, तिथे गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा. तळ मोकळा ठेवा, नाहीतर पाणी साचून फणस कुजतो. डाळिंबाला कापडाची पिशवी बरी.

केळीचं काम थोडं निराळं आहे. वटवाघळं केळफुलातल्या मधासाठी आधी येतात आणि मग घडाकडे वळतात. शेवटची फणी उलगडली की तिच्याखाली वीतभर दांडा ठेवून केळफूल कापा. भाजी होते आणि आमिषही जातं. मग घडाला वरून खाली भोकांची पॉलिथिन पिशवी किंवा पातळ गोणपाट चढवा, वरून बांधा, खालून उघडं ठेवा. भोकं नसलेल्या पिशवीत आत वाफ धरते आणि केळी डागाळतात.

जाळी लावायचीच असेल तर

बुटक्या झाडावर पूर्ण जाळी टाकता येते, पण एक कसोटी पाळा: जाळीच्या भोकातून तुमची करंगळी आरपार जात असेल तर ती जाळी नको. भोक पाच मिलिमीटरच्या आत हवं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांसाठी हाच नियम कायद्याने लागू आहे. मेलबर्नमध्ये परस फुलवणाऱ्या मराठी मंडळींना तो पाळावाच लागतो. आपल्याकडे असा नियम नसला तरी कारण तेच आहे. मासेमारीच्या बारीक तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या, जाळ्यात वटवाघळाचा पंख आणि धामणीची मान अशी अडकते की सोडवताही येत नाही.

रंग पांढरा घ्या, रात्री दिसतो. फळधारणा झाल्यावरच जाळी टाका, आधी टाकली तर मोठ्या भुंग्यांना मोहोरापर्यंत पोचता येत नाही. चार बांबूंवर ताणून लावा, झाडावर लोळवू नका, आणि खालच्या कडा बुंध्याशी गोळा करून बांधा किंवा दगडांनी दाबा. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारून काही अडकलंय का बघा. फळं उतरली की त्याच दिवशी जाळी काढून घडी करून ठेवा.

वानरांसाठी पिंजरा

वानर-माकडांची टोळी रोज येत असेल तर झाडं आत आणि प्राणी बाहेर, हाच टिकाऊ मार्ग. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पिंजऱ्यात दोन पेरू, एक सीताफळ, एक लिंबू आरामात बसतात.

सामान: एक इंची जस्ती पाइप, सहा मीटरचे सहा नग. त्यातून तीन मीटरचे चार खांब, वरची चौकट, मधला एक आडवा आणि दाराची चौकट निघते. खांब अर्धा मीटर जमिनीत, काँक्रीटमध्ये. जाळी एक इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी: चारही बाजूंची ३० चौरस मीटर, छताची ९, आणि जोडांसाठी धरून एकूण ४३ चौरस मीटर मागवा. छत हवंच, छताविना पिंजऱ्यात वानर वरून उतरतो. दाराला कडी-कोयंडा आणि त्यात अडकवलेली खिट्टी लावा, कारण नुसती कडी माकड उघडतं. फळं जाळीपासून फूटभर आत राहतील अशी छाटणी करा, बोटं आत जातातच. खारींचाही त्रास असेल तर जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी लागेल, ती बरीच महाग पडते.

समुद्रापासून जवळ असाल तर जस्ती जाळीही खाऱ्या हवेने गंजते. पावसाळ्याआधी दरवर्षी जोडांवर रंगाचा हात मारा.

घाबरवण्याचे प्रकार, म्हणजे चकचकीत फिती, कापडी वाघ, घंटा, हे सगळे उपाय आठवडाभर चालतात. म्हणून ते फळ पिकायच्या शेवटच्या दहा दिवसांसाठीच राखून ठेवा आणि दर तिसऱ्या दिवशी जागा बदला. कार्बाइडची नळीची बंदूक घरात आणू नका. ती तोंडावर फुटून लोकांची नजर गेली आहे. कुत्रा दिवसा चांगली राखण करतो, पण रात्री तो घरात घ्या. बिबट्या परसात येतो तो पुष्कळदा कुत्र्यासाठीच. आणि वानरांना पोळी-केळी देणं पूर्ण बंद. एका घरी खायला मिळालं की टोळी सगळ्या वाडीला भारी पडते, त्यामुळे हे शेजाऱ्यांशी बोलूनच ठरवावं लागतं.

जमिनीवरचे: साळिंदर आणि डुक्कर

माडाचं नवं रोप लावलं की साळिंदर पहिल्याच महिन्यात त्याचा गाभा खातं, आणि गाभा गेला की रोप गेलं. प्रत्येक रोपाभोवती एक इंची वेल्डमेशचं गोल कडं करा: व्यास साठ सेंटीमीटर, जमिनीवर पाऊण मीटर. जाळीची खालची फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून चार बोटं मातीखाली पसरा आणि वर दगड ठेवा. उकरणारा प्राणी कड्याच्या अगदी बाहेरून उकरायला लागतो आणि त्याला जाळी लागते. सरळ खाली पुरलेल्या जाळीच्या खालून ते घुसतं. व्यासाप्रमाणे दोन मीटर जाळी एका रोपाला पुरते.

डुकरांसाठी चिऱ्याचा गडगा असेल तर पुरे, पण पडलेले चिरे दरवर्षी लावून घ्या. सौर कुंपण करणार असाल तर तारा जमिनीपासून २५, ५० आणि ७५ सेंटीमीटरवर घ्या आणि खालचं गवत पंधरा दिवसांनी कापा. गवत तारेला लागलं की झटका जमिनीत उतरून जातो, आणि पावसाळ्यात कुंपण ‘चालत नाही’ याचं कारण बहुधा हेच असतं. घरातल्या विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नका. त्यात माणसं मरतात, शेजाऱ्यांची गुरं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

वेळेवर काढा, पडलेलं उचला

पिकून वास सुटला की रात्रीची गर्दी वाढते. आंबा चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाला की झेल्याने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या आकडीने, देठासकट उतरवा आणि गवताच्या अढीत पिकवा. पपईच्या सालीवर पिवळी रेघ दिसली की काढा. केळ्याच्या धारा बोथट होऊन फळ गोलसर झालं की घड उतरवा. चिकू घट्ट असतानाच. झाडावर पिकलेल्या फळाची गोडी वेगळी असते हे खरंच, तेवढ्यापुरती चार फळं दुहेरी पिशवीत ठेवा.

खाली पडलेली फळं रोज सकाळी उचला. त्यांच्यामुळे रात्री डुक्कर, साळिंदर, उदमांजर येतात. चावलेलं फळ कापून उरलेला भाग खाऊ नका आणि गुरांनाही घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या होत्या. घाबरून वटवाघळांची वसाहत उठवणं मात्र चूक आहे. ती अनेक रानझाडांचं परागीकरण करतात, बिया लांबवर नेतात. चावलेली फळं हातमोजा घालून फूटभर खड्ड्यात पुरा, चांगली फळं धुऊन आणि सोलून खा, एवढं पुरे.

परसात मेलेलं वानर किंवा माकड दिसलं तर हात लावू नका, पुरूही नका. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनरक्षकाला लगेच कळवा.

कायदा आणि भरपाई

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास, विष, छर्‍याची बंदूक, सगळंच येतं. वानर, शेकरू, साळिंदर, वटवाघूळ यांना मारणं किंवा पकडणं परवानगीशिवाय करता येत नाही. टोळीतलं एखादं माकड अंगावर येत असेल तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. पकडण्याचं काम त्यांच्या माणसांचं.

रानडुक्कर, गवा, हरणं, माकड-वानर, हत्ती यांनी केलेल्या पिकाच्या आणि फळझाडांच्या नुकसानीला महाराष्ट्रात भरपाई आहे. वटवाघूळ, पोपट आणि उंदीर त्यात येत नाहीत. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्या. सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती. पडलेली झाडं पंचनामा होईपर्यंत हलवू नका. पावलांचे आणि मोडलेल्या झाडांचे फोटो शेजारी पट्टी किंवा काठी ठेवून काढा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.